ओहोटीच्या डबक्यातला गोबी: त्याला शोधायचं कसं, बघायचं कसं

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर पाणी ओसरलं की काळ्या कातळाच्या खोलगट भागांत समुद्र थोडाथोडा मागे राहतो. कुठे परातीएवढा, कुठे मोठ्या घंगाळाएवढा. वरून बघणाऱ्याला त्यात शेवाळ, चार शंख आणि दगडगोटे दिसतात. त्या दगडगोट्यांपैकी एखादा मासा असतो. बोटाएवढा लांब, मातकट तपकिरी, अंगावर काळपट ठिपके, आणि डोळे डोक्याच्या अगदी वर. तुम्ही वाकलात की तो तिथून नाहीसा होतो, आणि आपण काही पाहिलं हेसुद्धा तुम्हाला कळत नाही.

हा गोबी. आपल्या खडकांवर ज्या वंशाचे गोबी सहज सापडतात त्याचं शास्त्रीय नाव बॅथिगोबियस. त्यातली सर्वांत माहितीची जात बॅथिगोबियस फस्कस. एदुआर्द रुपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तांबड्या समुद्रातल्या माशांवरून तिचं वर्णन केलं. तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यावरून पुढे थेट पॅसिफिकपर्यंत ती पसरली आहे. कोळीवाड्यात ज्यांना खरबी म्हणतात ते मासे आणि खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी, ही सगळी याचीच भावकी. पण खरबी नि निवटी बाजारात येतात, ताटात येतात. डबक्यातल्या या पिटुकल्याला कोणी विचारत नाही. तो विचारण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

आधी ओळख पक्की करा

डबक्यात तीन प्रकारचे छोटे मासे हमखास भेटतात. पाण्याच्या मधल्या थरात झुंडीने फिरणारी चंदेरी पिल्लं बहुतेक वेळा बोयटांची असतात. ती सतत पोहत असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो ब्लेनी आणि गोबी यांच्यात, कारण दोघंही तळाला टेकून बसतात.

फरक पाठीवर बघा. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात, पुढचा लहान आणि मागचा लांब. ब्लेनीच्या पाठीवर एकच लांबलचक पर असतो, डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत. ब्लेनीचं कपाळ उभं, अंगावर खवले नाहीत, आणि ती बसताना शेपूट बाजूला वळवून बसते. गोबीच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून छोटी वाटी झालेली असते. ती कातळाला चिकटते, म्हणून लाट आपटली तरी हा मासा जागचा हलत नाही. उभ्या भिंतीला चिकटलेला गोबी बघायला मिळाला तर ही वाटी नीट दिसते.

आणि बॅथिगोबियसची खास खूण म्हणजे छातीच्या पराची वरची टोकं. बहुतेक माशांत पराच्या काड्या पातळ पडद्याने जोडलेल्या असतात. याच्या वरच्या काही काड्या सुट्या असतात, जुन्या शालीच्या दशा सुटाव्यात तशा. शांत पाण्यात या दशा हलताना दिसतात. ही खूण दिसली की वंश ठरला. जात मात्र काठावरून ठरवायला जाऊ नका. याच वंशाच्या एकापेक्षा जास्त जाती आपल्या किनाऱ्यावर आहेत, आणि त्यांच्यातला फरक पराच्या काड्या नि खवले मोजून करावा लागतो. वहीत ‘बॅथिगोबियस’ एवढंच लिहा. खरी नोंद तेवढीच आहे.

दिवस आणि वेळ

सगळं यावर अवलंबून आहे. चुकीच्या दिवशी गेलात तर डबकं पाण्याखाली असेल आणि तुम्ही नुसतेच किनाऱ्यावर उभे असाल.

कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, पण तो अंदाजच आहे. तुम्ही दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी होते. मुंबईत उधाणाला पाणी जेवढं मागे हटतं तेवढं गोव्यात हटत नाही. म्हणून तिथीवरून दिवस ठरवा आणि नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

तक्त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही असतो, आणि खरं महत्त्व त्या आकड्याला आहे. मुंबईसाठी मी ०.८ मीटर किंवा त्याहून कमी ओहोटी असेल तरच घराबाहेर पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा ओहोटी दुपारी सोयीच्या वेळी येते खरी, पण पाणी अर्ध्यावरच थांबतं. त्या मोहात पडू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी सकाळी सहाच्या आसपास येते आणि हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. माझ्या मते सर्वांत चांगले दिवस द्वितीया आणि तृतीया. उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. उजेड आहे, ऊन कोवळं आहे, कातळ अजून तापलेला नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर उन्हाने डबकी तापतात आणि मासे दगडाखालून बाहेर यायला नाखूश असतात. जून ते सप्टेंबर खडकावर जाऊच नका. पावसाळ्यातल्या लाटेचा भरवसा कोळीसुद्धा धरत नाहीत.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोचा आणि उतरत्या पाण्यामागोमाग खाली जा. ओहोटीच्या वेळी पोचलात तर उरलेला वेळ परत येण्यातच जाईल.

कुठे जावं

मुंबईत वांद्र्याचा कार्टर रोड आणि हाजी अलीचा परिसर. रायगडात हरिहरेश्वरचा कातळ. गोव्यात हणजूणचे खडक. जागा नवी असेल तर एकट्याने जाण्यापेक्षा कोणाबरोबर तरी जा. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम लोकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन किनाऱ्यावरचे जीव दाखवतो. पहिली फेरी अशा लोकांसोबत झाली तर पाय कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं. तेही नाही जमलं तर खडकावर कालवं काढायला आलेल्या बायका दिसतील, त्यांना विचारा. कुठला खडक आधी पाण्याखाली जातो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सोबत काय घ्यायचं

पायात बंद बूट, रबरी तळाचे, भिजले तरी चालतील असे. चप्पल नको. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि हिरवं बुळबुळीत शेवाळ दगडावर तेल ओतल्यासारखं असतं. कापलंच तर पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. खाऱ्या पाण्यातली जखम चिघळते.

पिण्याचं पाणी, टोपी, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन नको, शाई पसरते. बसायला दुमडलेलं पोतं किंवा जुनी चटई. हे विसरू नका, कारण सगळं काम बसण्याचं आहे.

आणि दोन वस्तू अशा की ज्या कोणी सांगत नाही. एक, स्वयंपाकघरातला स्वच्छ पारदर्शक डबा, सपाट तळाचा. तो पाण्यावर हलकेच टेकवून वरून बघितलं की पाण्यावरची चमक नि लहरी जातात आणि तळ आरशासारखा स्वच्छ दिसतो. दुसरी, काळी छत्री. उन्हासाठी नाही. पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून तळ दिसत नाही. छत्री अशी धरायची की पाण्यात आकाशाऐवजी तिचं काळं कापड दिसेल. पांढरी चकाकी गेलेल्या तेवढ्या तुकड्यात अचानक दगडाची रेघ न् रेघ उमटते, आणि मग लक्षात येतं की ज्याला आपण मघापासून खडा समजत होतो त्याच्या गालाजवळची झडप उघडते आहे, मिटते आहे.

एकच डबकं धरा

नवीन माणूस तासाभरात चाळीस डबकी बघतो आणि एकही बघत नाही. तुम्ही एक निवडा.

फार वरचं नको. तिथे भरतीचं पाणी कमी वेळ पोचतं, ऊन लागून पाणी तापतं, खारटपणा वाढतो. अगदी खालचंही नको, ते जेमतेम अर्धा तास उघडं पडतं. मधल्या पट्ट्यातलं बघा. आकार वर्तमानपत्राच्या उघड्या पानाएवढा, खोली मनगट ते कोपर. तळाशी सुटे दगड हवेत, कडेला एखादी कपार हवी, थोडं शेवाळ हवं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, त्याचे बारीक बुडबुडे उन्हात दिसतात. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेतं आणि त्याच पाण्यात माशाचा जीव घुसमटतो. म्हणजे एकाच डबक्यात दिवसाचं जगणं वेगळं आणि रात्रीचं वेगळं.

डबक्याकडे जाताना सूर्य समोर ठेवा, म्हणजे सावली मागे पडेल. शेवटची दहा पावलं अगदी हळू टाका. गोबीच्या डोक्यावर नि अंगावर पाण्यातली हालचाल जाणणारे बारीक अवयव असतात आणि कातळावरचं जड पाऊल त्याला डोळ्यांआधी कळतं. काठापासून हातभर अंतरावर बसा, छत्री आणि डबा आधीच जागेवर ठेवा, आणि मग हलू नका. दहा मिनिटं कमी आहेत. पंधरा धरा.

पहिली पाच मिनिटं काहीच होणार नाही. मग शंखात राहणारे खेकडे चालू लागतील. पाठोपाठ काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या येतील, त्यांचे फक्त डोळे नि सावली दिसते. गोबी सर्वांत शेवटी येतो. आधी दगडाखालून नुसतं तोंड, मग अर्धं अंग, मग एक छोटी झेप आणि थांबणं. झेप, थांबणं. तो सलग पोहत नाही. ही चाल एकदा डोळ्यात बसली की पुढच्या वेळी तुम्हाला तो रंगावरून नाही, चालीवरून सापडेल.

आता नीट बघा

रंग बघा. गडद दगडावरून फिकट वाळूवर आलेला गोबी काही मिनिटांत फिका पडतो. घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

भांडण बघा. मोठा नर आपली कपार राखतो. दुसरा जवळ आला की दोन्ही पर ताठ उभे करतो आणि तोंड उघडतो. पुढच्या पराच्या कडेला बऱ्याचदा फिकट पिवळसर पट्टी असते, ती अशा वेळी चांगली दिसते. विणीच्या काळात हाच नर दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या अंड्यांवर पहारा करतो आणि पर हलवून त्यांना ताजं पाणी देत राहतो. जपानी संशोधकांनी बॅथिगोबियस फस्कसमध्ये एक गोष्ट नोंदवली आहे: मोठे नर घरटं राखतात, तर लहान नर संधी साधून त्या घरट्यात शिरतात आणि तिथल्या अंड्यांचं चोरून फलन करतात. डबक्यात लहान गोबी मोठ्याच्या कपारीभोवती घोटाळताना दिसला तर तिथून नजर काढू नका.

आणि आठवण. मला या माशाचं वेड लागलं ते यामुळे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधल्या लेस्टर अ‍ॅरनसन यांनी याच वंशातल्या अटलांटिकच्या जातीचा, बॅथिगोबियस सोपोरेटरचा अभ्यास करून १९५१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ओहोटीत हा मासा धोका दिसला की एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात उडी मारतो. शेजारचं डबकं त्याला दिसत नसतं, मध्ये कोरडा खडक असतो, तरी उडी बहुतेक वेळा बरोबर पाण्यात पडते. हे त्याला कसं जमतं? अ‍ॅरनसन यांनी कृत्रिम डबकी करून बघितलं. ज्या माशांना आधी भरतीच्या पाण्यात त्या जागेवरून फिरायला मिळालं नव्हतं, त्यांच्या शंभरातल्या जेमतेम पंधरा उड्या बरोबर पडल्या. एकच भरती फिरायला मिळालेल्यांच्या सत्त्याण्णव. आणि चाळीस दिवसांनीही त्यांना तो नकाशा आठवत होता.

म्हणजे भरतीला खडक पाण्याखाली असतात तेव्हा हा बोटाएवढा मासा त्यांच्यावरून फिरून कुठे खोल आहे, कुठे उथळ आहे हे पाठ करतो. पुढे ऑस्ट्रेलियात संशोधकांनी खडकातल्या आणि वाळूतल्या गोबींची तुलना केली, तेव्हा खुणा धरून वाट शिकण्यात खडकातले सरस ठरले.

उडी बघायला मिळावी म्हणून काठीने डिवचू नका. अ‍ॅरनसन यांचा तो प्रयोग होता, आपली ती हौस होईल. खडकावर राखाडी बगळा उतरला तर लांब बसून बघा. तो डबक्यांच्या कडेने चालतो, आणि त्याच्या पुढ्यातून कधीकधी काहीतरी चमकून शेजारच्या पाण्यात पडतं. मी पाच हिवाळ्यांत हे तीनदा पाहिलं आहे.

दगड उलटायचा नाही

ही एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी वांद्र्याच्या खडकांवर मी ताटलीएवढा एक दगड उचलला. खालच्या बाजूला एकच थर अंड्यांचा होता, तांदळाच्या कणीसारखी लांबट अंडी, एका टोकाने चिकटलेली, सगळी एका दिशेला झुकलेली. प्रत्येकीत दोन काळे ठिपके होते. ते डोळे होते. मी दगड लगेच खाली ठेवला, पण तो पहिल्यासारखा बसला नाही, एका बाजूने उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी गेलो तर दगड स्वच्छ होता. नर कपारीतही नव्हता.

दगड हा त्या माशाचा नुसता आडोसा नसतो, तो त्याच्या पाठ केलेल्या नकाशातला एक बिंदू असतो. म्हणून माझा नियम सरळ आहे: जे आपोआप बाहेर येईल तेवढंच बघायचं. जाळी नको, बरणी नको. काही लोक हे मासे घरच्या काचपेटीसाठी नेतात. कृपा करून नेऊ नका. ज्याला लाट, ओहोटी आणि शेजारची पाच डबकी तोंडपाठ आहेत, त्याला चार काचांत ठेवून काय मिळणार? वाटेत प्रवाळ दिसले तर त्यांच्यावर पायही ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत. सुंदर नक्षीचे शंकूच्या आकाराचे शंख जिवंत असतील तर उचलू नका, त्यांचा डंख विषारी असतो.

वही कशी ठेवायची

तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, मीटरचा आकडा. हे वर एका ओळीत. त्याखाली डबक्याचं वरून दिसणारं चित्र काढा, दगडांना आकडे द्या. चित्रकला यायची गरज नाही, फक्त कपारी कुठे आहेत ते कळलं पाहिजे. मग दर दहा मिनिटांनी गोबी किती दिसले आणि कोणत्या दगडाजवळ, एवढंच लिहा. लांबी मोजता येत नाही, तेव्हा ‘करंगळीएवढा’, ‘पेन्सिलीच्या तुकड्याएवढा’ असं लिहा.

चौथ्या-पाचव्या फेरीला वहीतून काहीतरी उलगडायला लागतं. तीन नंबरच्या दगडाजवळ दर वेळी तोच मोठा मासा आहे का? शेपटीला फाटलेली खाच असेल, पराची दशा तुटलेली असेल, तर ओळख पटते. एकाच पंधरवड्यातल्या द्वितीया आणि तृतीयेला जा, मग पुढच्या उधाणाला पुन्हा जा. फोटो स्वच्छ आला तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागेसह टाका, जाणकार तिथे ओळख सुचवतात. आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या माशांच्या नोंदी अशाच एकेका माणसाच्या फोटोंनी वाढत आहेत.

पाणी फिरलं की

पूर्ण ओहोटीच्या वेळेला फोनवर गजर लावा. तो वाजला की आवरायला सुरुवात करायची, ‘अजून पाच मिनिटं’ नाही. पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं, पण खडकांवर ते मागच्या घळीतून आधी भरतं आणि परतीची वाट बुडवतं. येताना कुठून आलात ते लक्षात ठेवा, नि त्याच वाटेने परता.

तुमचं डबकं किनाऱ्याकडच्या बाजूला असेल आणि वाट कोरडी असेल, तर थोडं मागे सरकून उंच दगडावर उभे राहा आणि पहिली लाट आत येताना बघा. मोठी नसते, हातभर रुंदीची जीभ कडेवरून आत सरकते. त्या थंड पाण्याचा स्पर्श होताच तळातले गोबी तोंड फिरवून तिच्याकडे बघतात. दुसऱ्या लाटेला एखादा कपार सोडतो. तिसऱ्या-चौथ्या लाटेला तो मोठा नरही कडेपर्यंत येतो, वाटीने कातळाला धरून क्षणभर थांबतो, आणि डबक्याची कड पाण्याखाली गेली की तिच्यावरून पलीकडे जातो. त्याची वेळ वहीत टाका.